एकोणपन्नासनंतर साठ

आज डोकं फिरलंय माझं, आधीच सांगून ठेवते. पोस्ट लांबणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका, राग नाही.

मुलाच्या मित्रांच्या पालकांचा एक ग्रुप आहे. चार दिवसांपूर्वी त्यावर टूम निघाली, 'नव्वदच्या दशकातली सुट्टी'. मुलांना एक दिवस आपल्या लहानपणासारखा द्यायचा. साधा. मोकळा. सगळ्यात आधी 'वा वा' मीच लिहिलं, तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक आलं. एक्सेलमध्ये! साडेनऊ ते सव्वादहा सायकल. सव्वादहा ते अकरा मुक्त खेळ. अकरा ते साडेअकरा कंटाळा. हो, कंटाळ्यालाही अर्ध्या तासाचा रकाना. कपडे विटक्या रंगाचे घालायचे, म्हणजे कोरे करकरीत पण विटके दिसणारे, आणि ते कुठून मागवायचे याची लिंक सोबत. मुलांनी फोन खोक्यात ठेवायचे. मोठ्यांनी कुठे ठेवायचे, त्यावर वेळापत्रक गप्प.

आज तो दिवस पार पडला. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. तो आणि बाकीची पोरं सायकलवरून उतारावरून खाली आली, तर एक बाबा म्हणाले, "थांबा, परत या, ऊन डोळ्यांवर येतंय." परत आली. "आता जरा हसत या रे, आपण कसे ओरडत यायचो!" परत आली, ओरडत. तिसऱ्या खेपेला माझा मुलगा ब्रेक दाबून माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "आई, झालं ना यांचं? आता खेळू का?"

आणि माझ्याही हातात फोन होता. रेकॉर्डिंग चालू होतं.

आमच्या वेळचं सांगते. आजीच्या घरी सुट्टीत आम्ही सात भावंडं, आणि सायकल एक. मामाची. मोठी, दांड्याची, आमच्यापैकी निम्म्यांचे पाय पेडलला पोचायचे नाहीत. पाळ्या लावायला घड्याळ कुणाकडे नव्हतं, म्हणून ठरलं की दोनशे आकडे मोजून होईपर्यंत एकाची पाळी. मोजायचं काम धाकट्या मावसबहिणीकडे. ती सात वर्षांची आणि रडकी होती, काहीतरी मानाचं पद देणं भाग होतं. ती पायरीवर बसून तारस्वरात शंभर आकडे दोनदा मोजायची. पण एकोणपन्नास आलं की गडबड व्हायची. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, साठ! मधले पन्नास ते एकोणसाठ गायब. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत भल्याभल्यांची गफलत होते, ती तर पोर. प्रत्येक शंभरात दहा गेले, म्हणजे पाळीत वीस आकड्यांचं नुकसान. आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं, पण तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती आणि खेळ मोडला असता. तिची स्वतःची पाळी आली, की ती दांड्याखालून पाय घालून कैची मारत जायची आणि मोजणी माझ्याकडे यायची. मी इमानेइतबारे दोनशे मोजायचे.

ही गोष्ट का सांगतेय? कारण त्या सबंध सुट्टीत एकही मोठा माणूस त्या सायकलच्या भानगडीत पडला नाही. एकदा भांडण हाताबाहेर गेलं, कुणाचातरी शर्ट फाटला, तेव्हा आम्ही सगळे फिर्याद घेऊन मामाकडे गेलो. तो दुपारचा चटईवर पडला होता. डोळेसुद्धा न उघडता त्याने "आपापसात मिटवा" एवढंच म्हटलं आणि कूस बदलली. मग आम्हीच बसून कायदे केले. चेन पडली तर मोजणी थांबते. पडून खरचटलं तर वीस आकडे जास्त. मुद्दाम पडलं तर नाहीत. मुद्दाम की कसं, यावर पुन्हा भांडण.

आता हे सगळं एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात बसवणार?

माझा संताप विटक्या कपड्यांवर नाही, घाला हो हवे ते. संताप याचा आहे की लहानपणाची आपल्याला फक्त मांडणी आठवतेय. कॅसेट, गोट्या, कॉमिक्स, मोठ्या काचेचा टीव्ही. सामान जमवलं की दिवस परत येतो, असं काहीतरी डोक्यात बसलंय. मामाने कूस बदलली होती, ती कुणी विकत घेत नाही, कारण तिची लिंक येत नाही.

आणि ते फोटो! संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकशे चाळीस फोटो. सगळ्यांवर तो पिवळट, धुरकट रंग चढवलेला. अहो, आपला उन्हाळा पिवळा नव्हता! फोटो धुऊन आले तेव्हा त्यातलं आकाश चांगलं निळंशार होतं. रंगीत फोटोच्या कागदातले रंग उजेडाने, उष्णतेने, दमट हवेने हळूहळू उडत जातात, आणि सगळे रंग एका वेगाने उडत नाहीत, म्हणून अल्बममधली माणसं आज तांबूस, आजारी दिसतात. आपण जिला 'त्या काळाची छटा' म्हणतो ती फोटोचं म्हातारपण आहे. ते आपण दहा वर्षांच्या पोरांच्या आजच्या सकाळीवर फासतोय. तीही त्यांच्याकडे नवी राहू द्यायची नाही?

छत्तीस फोटोंचा रोल असायचा. त्यातच वाढदिवस, सहल, कुणाचं लग्न, सगळं निभवायचं, त्यामुळे पोरं सायकल खेळतायत म्हणून कुणी फोटो वाया घालवत नसे. त्या सुट्टीचा माझ्याकडे एकच फोटो आहे. कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा, बाजूला सायकलचं मागचं चाक, आणि पायरीवर धाकटी, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मोजतेय. कितवा आकडा चालू आहे ते कळायला मार्ग नाही. मघाशी मी तो काढून बराच वेळ बघत बसले.

(आता थोडी शांत झालेय. मुलाला जेवायला वाढून आले.)

कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच कबूल करते. तेव्हाही स्क्रीन होते, गेम बॉय १९८९ सालीच बाजारात आला होता आणि तो मिळाला असता तर आम्ही सायकलकडे ढुंकूनही बघितलं नसतं. आणि हो, आम्ही दिवसभर उंडारत होतो ते आत आजी, आई, मावशी दिवसभर राबत होत्या म्हणून. आज आई-बाप दोघंही कामावर, पोरं कुठे ठेवायची हा प्रश्न खरा आहे. रस्तेही तसे राहिले नाहीत. मान्य. सगळं मान्य.

पण मग निदान जे आपल्या हातात आहे तिथे तरी आपण गप्प बसतो का? मुलं दहा मिनिटं नुसती बसलेली दिसली की माझ्याच पोटात गोळा येतो. लगेच तोंडून जातं, "चित्र काढ ना. पुस्तक वाच ना." त्याचा कंटाळा मला सोसवत नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा. त्याच्या ३१ व्या कलमात मुलांच्या विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि खेळाचा हक्क चक्क लिहून ठेवलाय. जगातल्या देशांनी एकत्र बसून कबूल केलं, की पोराला रिकामा वेळ मिळायला हवा. आणि आम्ही त्या रिकाम्या वेळेला आयोजक नेमतो!

मी या सुट्टीत काय करणार आहे? फार काही नाही. दुपारी दोन ते पाच आई घरात असून नसल्यासारखी, एवढंच मुलाला सांगितलंय. रक्त आलं तर हाक मार, नाहीतर मारू नकोस. माझा फोन कपाटात, त्याचाही कपाटात, शेजारी शेजारी. त्याने विचारलं, "मग मी काय करू?" मी म्हटलं, "मला काय माहीत." हे तीन शब्द उच्चारायला मला किती जोर लावावा लागला, काय सांगू! त्यापुढचा अर्धा तास तो पंख्याकडे बघत पडला होता आणि मी भिंतीपलीकडे मुकाट बसून होते. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग काहीतरी धाडकन पडलं. उठले नाही. अजूनही माहीत नाही काय पडलं ते.

इथपर्यंत लिहून मी धाकटीला फोन लावला. आता तिचीच मुलगी सात वर्षांची आहे. आजचा सगळा तमाशा सांगितला, खूप हसली. मग मी तिला तीस वर्षं लपवलेली गोष्ट सांगून टाकली, की तुझे पन्नास ते एकोणसाठ गळायचे, पण तू रडशील म्हणून आम्ही कधी बोललो नाही.

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "ताई, मला शंभरपर्यंत तोंडपाठ येत होतं."

"मग?"

"मग काय. तुम्हाला एकशेऐंशी, मला दोनशे. माझ्या वेळी तू मोजायचीस ना, अगदी प्रामाणिकपणे."

मला काही सुचेना. आम्ही सहा जण मोठ्या मनाने तिला सांभाळून घेत होतो, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"आणि मामाला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या भांडणानंतर पाणी द्यायला गेले, तर डोळे मिटूनच विचारलं, काय गं, पन्नास कुठे गेले? मी म्हटलं, मामा, सांगू नकोस ना. त्याने नाही सांगितलं."