तेहतीस फुटांची चूक

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर पुराचं पाणी चाळीस फुटांच्या वर गेलं की सांगलीत घरटी एक इंजिनिअर तयार होतो. कट्ट्यावरचं वाक्यही ठरलेलं: ‘बोगदा मारा आन् सोडा की पाणी कोकणात, समुद्र काय लांब हाय?’ मी पाटबंधाऱ्यात उभी हयात डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंच-सखल मोजायची दुर्बीण, घेऊन हिंडलोय. मी एवढंच विचारतो, लेव्हल घेतली का?

नेपोलियन इजिप्तमध्ये असताना ले पेर नावाच्या त्याच्या इंजिनिअरनं १७९९ मध्ये दोन समुद्र जोडणाऱ्या कालव्यासाठी सुवेझची मोजणी केली. निष्कर्ष काय, तर तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे १० मीटर उंच! म्हणजे तेहतीस फूट. इथं फूटभर पाणी वाढलं तर कुठल्या गल्लीत शिरेल ते आमच्या आज्यांना पाठ असतं, आणि हा गडी तेहतीस फूट चुकला. मग त्यानं सरळ कालवा न सुचवता, प्राचीन कालव्याच्या वाटेनं सुवेझ नाईलला जोडायचं आणि मध्ये दरवाजे घालून पाणी टप्प्याटप्प्यानं उतरवायचं, असा आराखडा दिला. आकडा खरा असता तर आराखडा शहाणाच होता.

ले पेरला मी हसत नाही. वाळवंट, प्यायला पाणी नाही, कधी हल्ला होईल याचा नेम नाही, काम तुकड्यातुकड्यांत. निघालो त्या खुणेवर परत येऊन आकडा जुळवायला सवड कुठली? राग येतो तो नंतरच्यांचा. लाप्लाससारख्या गणितज्ञाला तो फरक पटला नव्हता, तरी छापलेला आकडा जवळपास पन्नास वर्षं चालला. १८४७ मध्ये नव्यानं मोजलं, तेव्हा दोन्ही समुद्र जवळजवळ एकाच पातळीत निघाले. १८६९ मध्ये सुवेझ सुरू झाला, एकही दरवाजा न घालता.

आपल्याकडं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद निघाला की ५१९ आणि ५२४ मीटर हे आकडे दोन्ही बाजूंनी फेकले जातात. फेका, पण कुठल्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या कुठल्या पक्क्या खुणेवरून, कुणी आणि कधी मोजलं तेही सांगा. आणि परत त्या खुणेवर येऊन आकडा जुळवला का, तेही.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतो? नोकरीच्या पहिल्या वर्षी तासगावकडच्या एका चारीची लेव्हल मी घाईत घेतली, परत जुळवली नाही. चारी खोदली, पाणी सोडलं, ते वळणावर जाऊन थांबलं. बांधावरचा म्हातारा बराच वेळ बघत होता. म्हणाला, ‘सायेब, तुमच्या कागदावर पाणी चढाला जातं व्हय?’