नावं तरी संपू द्या!

काल रात्रीचा राग अजून उतरलेला नाही. सकाळपासून दोन जणांवर उगाच खेकसून झालं आहे, म्हणून आता लिहूनच काढते.

घरी टीव्हीवर, ओटीटीवर दोन बहिणींवरचा सिनेमा पाहत होते. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं चांगलं काही पाहिलं नव्हतं. कोणी ओरडत नाही, कोणी कोणाला भाषण देत नाही, सगळं काही ताटल्या पुसताना आणि कपड्यांच्या घड्या घालताना घडतं. शेवटी थोरली घराबाहेर पडते, दार ओढून घेते, किल्ली कुलपापर्यंत नेते आणि हात तसाच मागे घेते. बस्स, एवढंच. दार नुसतं लोटलेलं राहतं. पडदा काळा होतो. थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग त्या काळोखातून एकटा चेलो सुरू होतो. धाकटी सिनेमाभर जी अंगाई अर्धी गुणगुणून सोडून देते, तीच धून. पहिल्यांदाच पूर्ण. माझा गळा दाटून आला होता. काळ्यावर पांढरं पहिलं नाव उमटलं.

आणि अख्खं चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं! पोस्टाच्या तिकिटाएवढं! उरलेल्या पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या सिनेमाची जाहिरात: बंदूक रोखलेला माणूस, त्याच्या मागे पेटलेली मोटार, कानठळ्या बसवणारा ढोल आणि खाली उलटे आकडे. पाच, चार, तीन. रिमोट उशीखाली गेला होता. तो सापडेपर्यंत दोन, एक, आणि मोटार खरंच स्फोट होऊन उडाली. माझ्या त्या लोटलेल्या दारावर!

मागे गेले. तर सिनेमा ‘पाहून झालेला’ म्हणून सुरुवातीपासून लागला. मग पट्टी पुढे ओढा. दोन तास दहा मिनिटांच्या पट्टीवर नेमकी ती जागा पकडणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोर ओवणं. कशीबशी पकडली. थोरलीचा हात, दार, काळोख, चेलो, पहिलं नाव, आणि पुन्हा तिकीट. या वेळी रिमोट हातातच होता. ‘श्रेयनामावली पाहा’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं बटण होतं, पण निवड आपोआप त्याच्या शेजारच्या ‘पुढे पाहा’वर बसलेली. घाईत तेच दाबलं गेलं. पुन्हा मोटार. तिसऱ्या वेळी जमलं, तोवर डोळे कोरडे ठणठणीत झाले होते. हातात उरला तो फक्त संताप.

मला एवढंच हवं होतं की तो चेलो कोणी वाजवला ते कळावं. नाव वाचावं, ती धून संपेपर्यंत अंधारात बसावं, मग उठून तोंड धुवावं. सिनेमाचा शेवट म्हणजे शेवटचा संवाद नव्हे. ज्याने ते संगीत रचलं त्याने नावांच्या लांबीएवढं मोजून रचलेलं असतं. अंगाई तिथेच पूर्ण होणार हे कोणीतरी ठरवलं होतं. तो सिनेमाचाच भाग आहे. नाटकाचा पडदा पडताना प्रेक्षागृहात कोणी भोंगा वाजवला तर लोक त्याला बखोटीला धरून बाहेर काढतील. इथे तो भोंगा घरात बसवलेला आहे आणि त्याचे पैसे आपणच भरतो.

सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, असं कोणी सांगायला येऊ नये. बंद करून वर्ष झालं. त्याने फक्त मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होणं थांबतं. चित्र कोपऱ्यात जायचं ते जातंच.

आणि लगेच विचारतात, आवडलं का? अंगठा वर की अंगठा खाली. अहो, अजून अश्रू गालावर आहेत, मला बोलता येत नाहीये, अंगठा कसला मागता!

घरातून यावर आलेला शेरा असा: “नावं काय वाचत बसतेस, टेलिफोन डिरेक्टरी आहे का ती?” हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि दर वेळी तितकीच चिडते. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. जुन्या सिनेमांत बहुतेक सगळी नावं सुरुवातीलाच यायची, शेवटी नुसतं ‘समाप्त’. पुढे यादी लांबत गेली, प्रत्येक विभागातल्या माणसांची नावं येऊ लागली आणि सत्तरच्या दशकापासून ती शेवटाकडे सरकली. म्हणजे आधी त्यांना मागच्या रांगेत बसवलं, आणि आता मागची रांगच कापून टाकली.

माझ्या मैत्रिणीची मुलगी फोली करते. पडद्यावरच्या पावलांचा, कापडाच्या सळसळीचा, कपबशीच्या किणकिणीचा आवाज पुन्हा नव्याने करून देण्याचं हे काम. जॅक फोली नावाच्या माणसाने मूकपट बोलू लागले त्या काळात ते सुरू केलं, म्हणून त्याचंच नाव कामाला पडलं. ही मुलगी चित्र बघत बघत वेगवेगळे जोडे घालून तासन्‌तास चालते. म्हातारा माणूस चालतो तेव्हा टाच कशी घासते, रागावलेली बाई चालते तेव्हा कशी आपटते, हे तिच्या अंगात मुरलं आहे. तिच्या पहिल्या मोठ्या सिनेमाला आम्ही नऊ जण थिएटरात गेलो. सिनेमा संपला आणि अंधारात पहिलं नाव यायच्या आत भगभगीत दिवे लागले. दारं उघडली. झाडू घेतलेला माणूस आत आला. त्याची काय चूक, त्याला पुढच्या खेळाआधी सगळं आवरायचं असतं. लोक आमच्या गुडघ्यांवरून ओलांडून जात होते. मैत्रीण उठून पडद्याच्या दिशेने चालत गेली, कारण उजेडामुळे अक्षरं पुसट झाली होती. पोरीचं नाव तीन रकान्यांत मधल्या रकान्यात आलं आणि वर गेलं. दोन सेकंद. मैत्रिणीने पडद्याकडे बोट केलं तोवर ते गेलंही होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर मागे कोणीतरी हसलं.

त्या हसण्याचा राग माझ्या मनात अजून ताजा आहे. त्याआधी मीसुद्धा नावं सुरू झाली की पर्स उचलायची, हे खरं आहे. त्या दिवसानंतर एकदाही उठलेले नाही.

नाव म्हणजे काय, हे पटकथालेखक डाल्टन ट्रम्बोला विचारायला हवं होतं. कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून तो तुरुंगात गेला, हॉलिवूडच्या काळ्या यादीत पडला, आणि चोरून, दुसऱ्यांच्या नावाआड लिहीत राहिला. १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’ची कथा त्याची. पडद्यावर नाव इयन मॅक्लेलन हंटर या त्याच्या मित्राचं. कथेचं ऑस्करही त्या मित्राच्याच नावावर गेलं. ट्रम्बो १९७६ मध्ये वारला. ते ऑस्कर १९९३ मध्ये त्याच्या पत्नीच्या हातात पडलं, आणि लेखकांच्या संघटनेने पटकथेच्या श्रेयात त्याचं नाव अधिकृतपणे घातलं ते २०११ मध्ये, तो जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर. एका नावासाठी माणसं मेल्यानंतरही लढा सुरू राहतो. आणि आपण पाच आकडे मोजून ते नाव कोपऱ्यात फेकतो.

आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे.

गेल्या महिन्यात अनुवादित कादंबरी वाचली, सहाशे पानांची. आवडली म्हणजे काय, शेवटची पन्नास पानं मी पुरवून पुरवून वाचली. वाक्यं अशी की मूळ दुसऱ्या भाषेतलं आहे याची आठवणही होऊ नये. कोणाची ही भाषा? मुखपृष्ठावर नाव नाही. मागे नाही. कण्यावर नाही. आत, प्रकाशकाचा पत्ता आणि हक्कांची कलमं यांच्यामध्ये, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी वाचलेला प्रत्येक शब्द त्या माणसाने निवडलेला आहे! सहाशे पानांतला एकूण एक! २०२१ मध्ये जेनिफर क्रॉफ्ट आणि मार्क हॅडन यांनी खुलं पत्र लिहून लेखकांना विनंती केली होती की अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर टाकण्याचा आग्रह धरा. क्रॉफ्ट स्वतः अनुवादक. ओल्गा तोकार्चुकच्या कादंबरीच्या अनुवादासाठी २०१८ चं आंतरराष्ट्रीय बुकर तिला लेखिकेच्या बरोबरीने मिळालं होतं, आणि त्या पुरस्काराची रक्कम दोघांत निम्मी निम्मी वाटतात. तिथे निम्मा वाटा आणि इथे मुंगीएवढी अक्षरं. शिवाय त्याच मुखपृष्ठावर ‘लवकरच मालिका येत आहे’ असा भलामोठा गोल छापायला जागा होती. तो गोल चिकटवलेला असता तर नखाने काढला असता. छापलेला आहे. कायमचा.

त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत, हो, प्रस्तावनेत, तिसऱ्या पानावर, कोण मरतं ते लिहिलं आहे. प्रस्तावना आधी छापतात म्हणजे ती आधी वाचायची असते, हे त्या विद्वान गृहस्थांना कोणी सांगितलं नाही का? लिहायचं असेल तर मागे जा, तिथे शंभर पानं लिहा, मी सगळी वाचेन.

टीव्हीचंही सांगते. मैत्रिणीच्या नव्या टीव्हीवर परवा एक जुना सिनेमा पाहिला. माणसं अशी सरकत होती जणू बातम्यांच्या स्टुडिओत उभी आहेत. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. हे यंत्र दोन चौकटींमध्ये स्वतःच्या मनाने आणखी चौकटी घुसवतं आणि वर त्याला सुधारणा म्हणतं. छायालेखकाने जे चित्र कधी काढलंच नाही ते आपल्याला दाखवतात! टॉम क्रूझने २०१८ मध्ये चित्रीकरणाच्या जागेवरून व्हिडिओ टाकून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती. एवढ्या मोठ्या नटाला हात जोडावे लागतात, तरी नवा टीव्ही खोक्यातून निघतो तो हे चालू ठेवूनच. वर मैत्रिणीच्या नवऱ्याने पडदा ‘भरून’ घेतला होता. जुना, जवळजवळ चौकोनी सिनेमा आडव्या पडद्यावर ताणलेला. नायिकेचं तोंड परातीसारखं दिसत होतं. मी म्हटलं, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या हो. ते म्हणाले, पट्ट्यांनी जागा वाया जाते. मी पुढचा अर्धा तास त्यांच्याशी बोलले नाही.

आणि दीडपट वेगाने पाहणारे! यांच्याबद्दल मी शांतपणे बोलूच शकत नाही. आठ भागांची मालिका दोन संध्याकाळींत ‘संपवली’ म्हणून सांगतात, जणू कपाट आवरलं. ही सोय नेटफ्लिक्सवर चाचणीसाठी आली तेव्हा, २०१९ मध्ये, जड अपाटो आणि ब्रॅड बर्ड यांच्यासारखे दिग्दर्शक जाहीरपणे चिडले होते. पुढच्या वर्षी ती आलीच. काल पाहिलेल्या सिनेमात थोरलीचा हात कुलपापाशी थांबतो तो मी मनात मोजला, चार सेकंद. त्या चार सेकंदांत ती तिथे परत यायचं की नाही हे ठरवते. दीडपट वेगात तो नुसता हात वर जाऊन खाली येतो. मग तुम्ही काय पाहिलंत? आणि तुम्हीच सांगता, सिनेमात काही घडतच नाही!

मालिकेची सुरुवातीची शीर्षकं ओलांडण्याचं बटण मी कधीच दाबत नाही. मध्यंतरी जी मालिका मनापासून आवडली, तिच्या शीर्षकात दर भागाला खिडकीतला एक दिवा विझत जायचा. सहाव्या भागापर्यंत एकच उरला होता, आणि त्या भागात काय होणार हे मला पोटात कळलं होतं. माझ्याबरोबर पाहणाऱ्याने पहिल्या भागानंतर प्रत्येक वेळी ते बटण दाबलं असतं. मी रिमोट दिला नाही. भांडण झालं. झालं तर झालं.

आवडलेल्या गोष्टीपाशी थोडं रेंगाळू द्या, एवढंच मागणं आहे. पुस्तक मिटलं की ते मांडीवर तसंच ठेवून मी भिंतीकडे बघत बसते. त्या वेळी कोणी दुसरं पुस्तक हातात कोंबत नाही. दोन तास दहा मिनिटं ज्यांनी मला एका घरात राहायला दिलं, त्या माणसांची नावं वर जायला पाच-सहा मिनिटं लागतात. प्रकाश देणारे, दिवे उचलणारे, शिवणारे, रंगवणारे, त्या दाराला जुनाट रंग देणारा कोणीतरी, कुलूप शोधून आणणारा कोणीतरी. आणि चेलो.

तिसऱ्या खेपेला यादी पूर्ण आली, पण संगीताचा भाग आला तेव्हा अक्षरं इतकी बारीक आणि इतक्या वेगात गेली की मला नुसतं ‘चेलो’ दिसलं, पुढचं नाव निसटलं. आज जेवणं झाली की पुन्हा लावणार आहे. रिमोट आतापासूनच खुर्चीच्या हातावर ठेवला आहे. ती ओळ आली की थांबवीन, उठून टीव्हीपाशी जाईन आणि नाव वहीत उतरवून घेईन.