सैन्यातले वकील होयबा? कागद तर वेगळंच सांगतात

अमेरिकन सैन्याचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: सैन्यातला वकील म्हणजे वरून आलेल्या हुकुमावर कायद्याचा शिक्का मारणारा माणूस, निवृत्तीनंतर त्याला लॉ स्कूलमध्ये शोभेची खुर्ची मिळते आणि तिथेही तो सैन्याचीच री ओढतो. या दाव्यातली तिन्ही विधानं तपासली की कोलमडतात.

आधी शिक्क्याचं बघू. २००३ च्या सुरुवातीला, ९/११ नंतर पकडलेल्या कैद्यांच्या चौकशीत किती कठोर व्हायचं, हे ठरवायला संरक्षण खात्याने एक गट नेमला. न्याय खात्याचा पवित्रा असा होता की युद्धकाळात सरसेनापती म्हणून राष्ट्राध्यक्षांनी दिलेल्या आदेशाला छळविरोधी कायदा आडवा येऊ शकत नाही. त्यावर चारही दलांच्या वरिष्ठ वकिलांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी हरकती नोंदवल्या. भूदलाचे जज अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे त्या दलाचे सर्वोच्च वकील, थॉमस रोमिग यांनी बजावलं की हा युक्तिवाद अमेरिकेच्या न्यायालयात किंवा आंतरराष्ट्रीय मंचावर टिकेल याची खात्री नाही, आणि उद्या आपले जवान पकडले गेले तर त्यांनाच याची झळ बसेल. हवाई दलाचे जॅक राइव्ह्ज यांनी तर यातले काही प्रकार सरळसरळ फौजदारी गुन्हे ठरतात असं लिहिलं. शिक्का मारला तो मुलकी वकिलाने. हा पवित्रा मांडणाऱ्या, १४ मार्च २००३ च्या टिपणावर सही होती न्याय खात्यातल्या जॉन यू यांची, आणि ते मूळचे बर्कले विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक!

यावर कुणी म्हणेल, पण त्यांचं ऐकलं कोणी? तेव्हा नाहीच ऐकलं. एप्रिलमधला अंतिम अहवाल त्यांना न दाखवताच मंजूर झाला, आणि ही गोष्ट आजही संताप आणणारी आहे. पण सल्ला डावलला गेला याचा दोष सल्ला देणाऱ्याच्या माथी कसा मारणार? न्याय खात्याला ते टिपण त्याच वर्षाअखेरीस मागे घ्यावं लागलं. २००४ मध्ये तर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच केला: या वकिलांच्या स्वतंत्र सल्ल्यात संरक्षण खात्यातल्या कोणीही ढवळाढवळ करायची नाही.

आता री ओढण्याबद्दल. नौदलाचे जज अ‍ॅडव्होकेट जनरल जॉन हटसन २००० मध्ये निवृत्त होऊन न्यू हॅम्पशायरच्या फ्रँकलिन पिअर्स लॉ सेंटरचे डीन झाले. २००१ मध्ये लष्करी आयोगांना, म्हणजे दहशतवादाच्या संशयितांवर खटले चालवणाऱ्या लष्करी न्यायासनांना, त्यांचा पाठिंबा होता. पुढे त्यांनी मत बदललं, तेही उघडपणे. जानेवारी २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे कायदा सल्लागार अल्बर्टो गोन्झालेस यांना अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, करायचं घाटत होतं, तेव्हा सिनेट समितीपुढे जाऊन त्यांनी विरोधात साक्ष दिली. होयबा असं करत नाही.

खुर्चीचं थोडक्यात. रोमिग २००७ मध्ये कॅन्ससच्या वॉशबर्न लॉ स्कूलचे डीन झाले. हवाई दलाचे मेजर जनरल चार्ल्स डनलॅप २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये शिकवू लागले. डनलॅप पुष्कळदा सैन्याची बाजू घेतात, हे खरं. पण सैन्यावर मुलकी कामांचा भार टाकत गेलं तर लोकशाहीलाच धोका आहे, असा इशारा देणारा लेख त्यांनी १९९२ मध्ये, गणवेशात असतानाच लिहिला होता.

रोमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हरकती २००५ पासून सर्वांना खुल्या आहेत. मोजक्याच पानांच्या आहेत. पुढच्या वेळी हा दावा पुढे पाठवण्याआधी त्या वाचाव्यात.