होजिअरीचा अभ्रा आणि नवशिके हात : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि "धन्यवाद, सुधारणा करते" एवढं टाइप करून मोकळं व्हावं अशी ती नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई शिवणक्लास घेतात. त्यांच्या भाचीने मी सांगितलेला होजिअरीच्या, म्हणजे टीशर्ट-बनियनच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा उशीचा अभ्रा शिवायला घेतला, मशीन मध्येमध्ये टाके सोडायला लागली, कडा गुंडाळल्या, शिवण लाटांसारखी झाली आणि मुलगी रडवेली होऊन उठली. ताईंचं म्हणणं असं की पहिला अभ्रा सुती पॉपलीनचाच हवा, होजिअरी ओव्हरलॉकशिवाय (कडा बांधत शिवणाऱ्या वेगळ्या मशीनशिवाय) होत नाही, झाली तरी चार धुण्यांत लोंबते, त्यामुळे नवशिक्यांना हे सांगणंच चूक आहे.

मुलगी रडवेली झाली याचं मला खरंच वाईट वाटलं. पण होजिअरी नवशिक्यांना नको हे मला अजिबात पटत नाही, आणि का ते सांगते.

आधी टाके सुटण्याचं बघू, कारण बाकीचा राग त्यातूनच आलाय असं वाटतं. सुई खाली जाऊन वर यायला लागते तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो आणि शटलचं, म्हणजे खाली बॉबिनपाशी फिरणाऱ्या भागाचं टोक तो पकडतं, तेव्हाच टाका बसतो. होजिअरीचं कापड लवचिक, साधी टोकदार सुई त्यात अडकली की कापड सुईबरोबर वर उचललं जातं, फास नीट होत नाही, शटल रिकामंच फिरतं, टाका सुटतो. शिवाय टोकदार सुई धागा तोडू शकते, आणि हे कापड सगळं फासांनी विणलेलं असल्यामुळे एक धागा तुटला की भोक पसरत जातं. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ती धाग्याला न तोडता बाजूला सारून जाते. टीशर्टच्या जाडीला ११ किंवा १२ नंबर पुरतो, लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) जास्त असेल तर स्ट्रेच सुई घ्यायची. पुण्यात बोहरी आळीत किंवा कुठल्याही मशीनच्या सामानाच्या दुकानात मागा, फक्त जाताना आपल्या मशीनची जुनी सुई बरोबर न्या कारण सगळ्या मशीनला एकच सुई बसत नाही. ताई, तुमच्या प्रतिक्रियेत सुईचा उल्लेख कुठेच नाहीये, म्हणून मला दाट शंका आहे की मशीनमध्ये पॉपलीनवाली नेहमीचीच सुई होती.

आता लाटा. शिवण लाटांसारखी होते ती कापड ताणून शिवल्यामुळे. खालचे दात कापड मागे नेतात, वरून फूट दाबतं, आणि त्यात आपण हाताने ओढलं तर कापड ताणलेल्या अवस्थेतच टाक्यात अडकतं आणि मग परत आवळत नाही. फुटाच्या दांड्याच्या वर स्क्रू असतो बऱ्याच मशीनला, तो थोडा ढिला करा, हात फक्त दिशा द्यायला ठेवा. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. पॉपलीनवर महिनोनमहिने शिकलेली बाई कापड मागून-पुढून ओढून शिवायला शिकते, कारण पॉपलीन ते सहन करतं. तोच हात मग होजिअरीवर आला की घोटाळा होतो आणि आपण म्हणतो कापड वाईट. ज्या मुलीने आजवर काहीच शिवलं नाही तिच्या हाताला ही सवयच नसते, तिला पहिल्या दिवशी सांगितलं की ओढायचं नाही तर ती ओढत नाही. मोडायला सवय नसणं हा नवशिक्यांचा फायदा आहे आणि तो आपण वापरायला हवा.

आणि अभ्राच का, तर सगळ्या शिवणी सरळ, फिटिंग नाही, गळा नाही, बाही नाही, आणि होजिअरीच्या कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. पॉपलीनच्या अभ्र्यात प्रत्येक कड दोनदा दुमडा नाहीतर पिकोवाल्याकडे पाठवा. ओव्हरलॉकचं मुख्य काम कडा बांधणं आणि ताणली तरी तुटणार नाही अशी शिवण देणं, त्यातलं पहिलं इथे लागतच नाही आणि दुसऱ्यासाठी साधा झिगझॅग पुरतो, रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी अडीच. दोरा पॉलिएस्टर, सुती नको, तो ताणला की तुटतो. बॉबिन हळू भरा, भरभर भरला तर दोरा ताणून गुंडाळला जातो आणि शिवल्यावर आवळतो.

ज्यांच्याकडे फक्त सरळ टाक्याची काळी मशीन आहे त्यांच्यासाठी मापं जरा खुलवून सांगते, कारण कापड कसं ठेवता यावर निम्मं काम आहे. हे कापड आडवं जास्त ताणतं, उभं कमी. आपली नेहमीची उशी १७ बाय २७ इंच. पट्टी अशी कापा की ६२ इंच लांबी कापडाच्या उभ्या दिशेला आणि साडेसतरा इंच आडव्या दिशेला येईल. २७ पुढचा भाग, २७ मागचा, ६ इंच आतली झडप आणि दोन्ही टोकांना एकेक इंच दुमड. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया (शिवणीच्या आत जाणारं कापड) गेली की अभ्रा साडेसोळाच उरतो, म्हणजे उशीपेक्षा लहान, आणि तो लहानच हवा. पॉपलीनला आपण इंचभर सैल ठेवतो तीच सवय इथे लावली तर तुम्ही म्हणता तसा लोंबणारच! दोन्ही लांब शिवणी उभ्या दिशेला आल्यामुळे त्यांच्यावर ताण कमी येतो, म्हणून सरळ टाकासुद्धा टिकतो, टाक्याची लांबी ३ मिलिमीटर ठेवा आणि हवं तर दोनदा मारा. ताण येतो तो तोंडाच्या दुमडीवर, उशी कोंबताना, तिथे सरळ टाका कटकन तुटेल, तेव्हा ती दुमड हाताने हेरिंगबोन टाक्याने (एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या टाक्यांनी) घाला, तो ताणला जातो. झडपेपाशी कापडाचे बरेच थर येतात, तिथे मोटर किंवा पायटा सोडून चाक हाताने फिरवा.

कापायच्या आधी कापड धुऊन वाळवायचंच, सुती होजिअरी पहिल्या धुण्यात लांबीला चांगलीच आवळते, पाच टक्के धरले तर ६२ इंचात तीन इंच गेले. टेबलावर कापत असाल तर कापड खाली लोंबू देऊ नका, स्वतःच्या वजनाने ताणतं, आपली फरशी सगळ्यात बरी. कडा गुंडाळतात ते खरंय, साध्या जर्सीचा, म्हणजे नेहमीच्या टीशर्टच्या पातळ होजिअरीचा स्वभावच तो, आडवी कापलेली कड सुलट्या बाजूला वळते आणि उभी उलट्या बाजूला (उलटं-सुलटं ओळखायची खूणही हीच). फार त्रास होत असेल तर इंटरलॉकचं (दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं) होजिअरी कापड घ्या, ते गुंडाळत नाही, किंचित जाड असतं. शिवणीच्या सुरुवातीला कापड सुईखालच्या पट्टीच्या भोकात ओढलं जातं तिथे खाली पातळ कागदाची पट्टी घाला, नंतर फाडून टाकायची.

तुमची एक गोष्ट मात्र शंभर टक्के मान्य. झालर, कशिदा, स्टार्च केलेला कडक अभ्रा पाहुण्यांसाठी हवा असेल तर तिथे सुतीच, होजिअरीला तो ताठपणा येणार नाही. आणि स्वस्तातल्या मिक्स कापडावर गोळे येतात हेही खरं, म्हणून मी शंभर टक्के सुती किंवा सुतीत थोडीशी लायक्रा असलेलं सांगते.

पण ताई, आज आपल्या घरातल्या दोरीवर बघा, टीशर्ट, बनियन, लेगिंग, नाइट पँट, बाळाची झबली, निम्म्याहून जास्त होजिअरी असते. तिरुपूर, लुधियानाहून तयार येते आणि शिवण उसवली की सरळ पुसायला जाते, कारण शिवणक्लास करून आलेल्या मुलीलाही हे कापड शिवता येत नाही, तिला सांगितलेलं असतं की हे आपलं काम नाही. मला हे फार लागतं. लेगिंगची दोन इंच शिवण घरी घालता येणं हे झालरीच्या अभ्र्याइतकंच शिवणकाम आहे, आणि त्याची भीती अभ्र्यावर मोडली तर बिघडलं तरी फक्त उशीच दिसते.

आता भाचीच्या अभ्र्याचं. तो उसवू नका, होजिअरीत टाके काढताना भोकं पडतात. शिवणीच्या आतून सरळ रेघ मारा, जुनी शिवण कापून टाका, सुई बदला आणि परत शिवा. इंचभर कमी झालं तरी कापड ताणून १७ च्या उशीवर बसेल. आधी कापलेल्या तुकड्यावर एक शिवण मारून दोन्ही हातांनी ओढून बघायला सांगा, टाका तुटला नाही तर मग अभ्र्याला हात लावायचा. आणि तिच्या मशीनचं मॉडेल व आत्ता लावलेल्या सुईचा नंबर इथेच लिहा, पुढचं त्याप्रमाणे सांगते.