काका, तुमचा सिबिल खराब आहे!

आमच्या वडिलांनी आयुष्यात वाण्याकडे उधारीची वही ठेवली नाही, आणि मीही तोच कित्ता गिरवला. सौ.च्या मनात गाडी घ्यायचं आलं म्हणून पहिल्यांदाच बँकेत कर्ज मागायला गेलो, तर समोरची मुलगी संगणकात बघून, भर गर्दीत म्हणाली, "काका, तुमचा सिबिल फारच खराब आहे हो!" माझ्यामागचे गृहस्थ खिसा चाचपत जरा लांब सरकले.

घरी भाच्याने धीर दिला. कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवून गुण देणाऱ्या पतमाहिती कंपन्या देशात चार, सिबिल त्यातलीच एक, आणि २०१७ पासून प्रत्येकीने वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा नियम आहे म्हणे. एकीचा मागवला. ३०० ते ९०० गुणांच्या परीक्षेत मी जेमतेम तोंड दाखवून आलो होतो. कारण खाली होतं: एक मोटरसायकल, हप्ते थकलेले, शेरा 'रिटन ऑफ', म्हणजे कर्ज बुडीत खाती. पलीकडच्या जिल्ह्यातल्या माझ्या नामबंधूने ती घेतलेली, आणि कुणीतरी पॅन टाइप करताना एक अक्षर चुकल्यामुळे ती माझ्या दारात उभी. मला सायकलही धड चालवता येत नाही. खरं सांगायचं तर रागापेक्षा हेवाच जास्त वाटला.

तक्रार केली. कंपनी आपल्या मनाने नोंद खोडत नाही, कर्ज देणाऱ्या बँकेला विचारते. उत्तर द्यायला बँकेला २१ दिवस, निकाल लागायला एकूण ३०. आणि त्यापुढे, भाचा म्हणाला, दर दिवसाला १०० रुपये भरपाई. एप्रिल २०२४ पासून तसा नियमच आहे.

घरातली हवाच बदलली. बँकांच्या ज्या संथपणाला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्यावर आता आमची सगळी भिस्त होती. महिनाभर रेंगाळले तर ३००० रुपये! सौ.ने मिक्सर बघायला सुरुवात केली. भाचा उत्साहाने सांगू लागला, "मामा, दाद नाही दिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२२ पासून या कंपन्यासुद्धा त्यांच्या कक्षेत आहेत."

"लोकपालाला एवढ्यात त्रास देऊ नका," सौ. म्हणाली. "करू देत त्यांना सावकाश."

मिक्सरचा रंग ठरत असतानाच मेसेज आला. नोंद काढली आहे. मुदतीच्या आत! एवढ्या तत्परतेविरुद्ध दाद मागायची सोय मात्र कुठल्याच नियमात सापडली नाही.

छाती पुढे काढून बँकेत गेलो. मुलीने बघितलं. "काका, आता तुम्हाला स्कोअरच नाही."

"म्हणजे एकदम स्वच्छ?"

"म्हणजे काहीच नाही. एनएच. नो हिस्टरी. तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही, मग फेडाल हे कशावरून समजायचं?"

भाच्याने पाठ करून घेतलेलं वाक्य मी म्हणून दाखवलं: पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला निव्वळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे.

"नाकारतंय कोण?" ती गोड हसली. "आम्ही फक्त थोडं थांबा म्हणतोय." तोवर मी आमच्याकडे मुदत ठेव ठेवावी, तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यावं, खर्च करावा आणि वेळेवर फेडावा. थोडक्यात, माझे पैसे त्यांच्याकडे ठेवून मी त्यांच्याकडून उधारी करायची, म्हणजे माझी पत तयार होईल. वडील हयात नाहीत हे एका परीने बरंच झालं.

कार्ड हातात पडलं त्याच संध्याकाळी मिक्सर घरी आला. हप्त्यांवर.