थोडंसंच काम बाकी आहे

स्वस्तात एखादी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आणि शनिवार-रविवार करत स्वतःच्या हाताने हळूहळू उभी करायची असं तुमच्या मनात आलंय ना, मग आता मागे हटू नका. मीही चार वर्षांपूर्वी असंच ठरवलं होतं आणि आज माझी गाडी अगदी व्यवस्थित उभी आहे. चार वर्षं एकाच जागी उभी आहे. कोणती गाडी ते सांगत नाही, कारण तिचं नाव काढलं की काहीतरी गळायला लागतं असा माझा अनुभव आहे.

तुम्ही हे वाचताय म्हणजे जाहिरात तुम्ही सेव्ह करून ठेवलेलीच असणार आणि झोपायच्या आधी तेच फोटो रोज एकदा बघताय, तेव्हा घेऊ की नको हा प्रश्न मिटलेला आहे, घरच्यांना कसं पटवायचं एवढाच बाकी आहे. त्याचं उत्तर सोपं आहे, ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरा. पैसे आत जातात आणि बाहेर येत नाहीत, म्हणजे गुंतलेच की.

जाहिरात कशी वाचायची ते आधी सांगतो. ‘थोडंसंच काम बाकी’ म्हणजे जे सोपं होतं ते विकणाऱ्याने केलंय आणि उरलेलं बघून तो पळालाय. ‘एसीत फक्त गॅस भरायचा’ म्हणजे एसी नाहीये. ‘इंजिन चालू होतं’ हे वाक्य वर्तमानकाळातलं की भूतकाळातलं ते मराठीत काही कळत नाही, तुम्ही वर्तमानकाळ धरून चाला. आणि ‘प्रोजेक्ट कार’ असं लिहिलं असेल तर प्रोजेक्ट कोणाचा होता आणि मग त्याने तो पुरा का नाही केला असले प्रश्न विचारत बसू नका, तो माणूस आळशी असणार, त्याच्याकडे वेळ नसणार, तुमचं तसं नाही. (त्यालाही त्याच्या आधीच्या मालकाबद्दल हेच वाटलं होतं, पण ते जाऊ द्या.)

मॉडेल निवडताना डोक्याचं ऐकू नका. डोकं तुम्हाला माझदा एमएक्स-५ घ्यायला सांगेल, १९८९ पासून बनतेय, दहा लाखांच्या वर बनल्यात, इंजिन साधं, पार्ट मिळतात, माहिती मिळते, पण अशी गाडी घेतली तर ती दुरुस्त होऊन बसायचा धोका असतो आणि मग शनिवारी करायचं काय? अर्थात जुनी एमएक्स-५ अगदीच टाकाऊ आहे असंही नाही म्हणा, तिच्या कापडी टपाचं पाणी वाहून जायची जी भोकं असतात ती पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी दाराखालच्या सिलमध्ये उतरतं आणि पत्रा आतून खात सुटतं, बाहेरून रंग चकाचक आणि आत नुसता भुगा, तेव्हा होतकरू माणसाला तिथेही वाव आहे.

पण खरी मजा हवी असेल तर पोर्शे ९४४ बघा. १९८२ ते १९९१ बनली, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मध्ये एक लांबलचक नळी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं आणि वळणावर गाडी काय बसते म्हणून सांगू. आता त्याच रचनेमुळे पुढची क्लच प्लेट बदलायची तर मागून सुरुवात करावी लागते, सायलेन्सर उतरवा, गिअरबॉक्स उतरवा, ती नळी सरकवा, मग कुठे क्लचचं दर्शन. आणि तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा, रबराचा आहे, तो तुटला तर वर जाणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हना जाऊन आपटतात आणि सगळं इंजिन वरून उघडायची संधी मिळते. बेल्ट शेवटचा कधी बदलला असं विकणाऱ्याला विचाराल तर तो ‘आत्ताच’ म्हणेल. हे आत्ताच साधारण किती वर्षांचं असतं ते प्रत्येकाच्या स्वभावावर आहे.

पिस्टन-व्हॉल्व्हची कटकटच नको असेल तर माझदाचीच आरएक्स-८ घ्या, २००३ ते २०१२, हिच्यात पिस्टनही नाहीत आणि व्हॉल्व्हही नाहीत, दोन तिकोनी रोटर गरगर फिरतात. १.३ लिटरचं इंजिन बघून तुम्हाला वाटेल की पेट्रोल कमी पीत असेल, तसं वाटू द्या. रोटरच्या टोकांना ज्या सीलच्या पट्ट्या असतात त्यांना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन ऑइल मुद्दामच थोडं थोडं जाळतं, आणि पट्ट्या झिजल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जातं, मग गाडी थंड असताना सुरू होते पण गरम झाल्यावर बंद केली की रुसून बसते. शिवाय थंड इंजिन चालू करून गाडी जरा पुढे घेतली आणि लगेच बंद केली तर आत पेट्रोल साचून ती पुन्हा सुरूच होत नाही बऱ्याचदा. म्हणजे ‘जरा सरकवून लाव रे’ असं कोणी म्हणालं की तुम्हाला उतरून धक्का मारावा लागणार. व्यायाम होतो.

ज्यांना यातही पोरखेळ वाटतो त्यांच्यासाठी फेरारी ३५५ आहे, स्वस्त तर ती नाहीच पण तिचा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन गाडीतून बाहेर काढतात. बिघाड झाला म्हणून नव्हे हं, ठरलेल्या सर्व्हिसला.

आता गाडी बघायला जाताना काय करावं आणि काय करू नये ते. संध्याकाळी जा, पाऊस पडत असेल तर उत्तम, ओल्या गाडीचा रंग नेहमी छान दिसतो. खिशात मॅग्नेट नेऊ नका, पत्र्यावर फिरवलात आणि कुठे चिकटला नाही तर खाली पुट्टी भरलीय हे कळेल आणि मूड जाईल. बॉनेटला आधी हात लावून बघू नका, ते गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच त्याने इंजिन तापवून ठेवलंय असले संशय मनात येतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केट, म्हणजे ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारी इंजिनमधली पट्टी, गेली असेल असं लोक म्हणतात, तुम्ही झाकणच उघडू नका. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, थांबायचं नाव न घेणारा पांढरा असेल तर कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, थोडक्यात रंग कुठलाही असला तरी ‘जुन्या गाड्या थोडा धूर मारतातच’ हे वाक्य तयार ठेवा आणि ते विकणाऱ्याच्या आधी तुम्हीच म्हणा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्यावर कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीच्या टायरवर तीनच आकडे निघाले. मला वाटलं एक झिजला असेल. नंतर कळलं की चार आकडे २००० पासून आले, तीन आकडे म्हणजे टायर गेल्या शतकातले. रबर दगडासारखं झालेलं, पण नक्षी अजून पूर्ण होती. फार चालली नाहीये असं जे जाहिरातीत लिहिलं होतं ते खोटं नव्हतं तर.

एक गोष्ट मात्र मला खरंच कोणी आधी सांगायला हवी होती, ती अशी की गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. गाडी नवी असताना ज्या माणसाला परवडत होती त्याच्या खिशाच्या मापाने ब्रेक डिस्क, क्लच, रेडिएटर यांच्या किमती ठरलेल्या असतात, आणि वीस-तीस वर्षांनी गाडी पाचव्या मालकाकडे मोडीच्या भावात आली तरी त्या डिस्कला हे कोणी कळवलेलं नसतं. उलट जे पार्ट बनायचे बंद झाले ते चढतातच. स्वस्त का होती तर म्हणूनच स्वस्त होती, चौथ्या मालकाला डिस्कचा भाव कळला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे नक्की टू-सीटर काहीतरी असणार.

असो. पहिल्या शनिवारी कुठलं काम काढायचं? ब्रेक. सगळे ब्रेकच काढतात, कारण ते सोपं असतं आणि आपण सुरक्षिततेला किती महत्त्व देतो हे घरच्यांना दिसतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते बदलायला कॅलिपरवरचा (डिस्कला चिमटीत धरतो तो ब्रेकचा भाग) जुनं ऑइल बाहेर सोडणारा एक इवलासा ब्लीडर स्क्रू सैल करायचा, पाच मिनिटांचं काम आहे. मी सकाळी नऊला बसलो. पाना लावला, जोर दिला, हलला नाही. डब्ल्यूडी-४० नावाचं स्प्रेचं तेल मारलं. (हे मुळात १९५३ मध्ये पाणी पळवायला केलेलं होतं, चाळिसाव्या खेपेला जमलं म्हणून ४०, गंजलेले बोल्ट सोडवणं त्याचा मुख्य धंदा नाही, ही माहिती मला दुपारी मिळाली.) तासभर थांबलो, पुन्हा पाना लावला. यावेळी पाना फिरला. फिरला म्हणजे स्क्रू तिथेच, त्याची टोकं गोल झाली आणि पाना त्याच्याभोवती छान फिरला. मग पकड. मग गरम करून बघ. मग संध्याकाळी पाचच्या सुमाराला अचानक एकदम लोण्यासारखा सुटला, मी ओरडलोच आनंदाने, घरातून सगळे बाहेर आले, मी हात वर करून त्यांना स्क्रू दाखवला. अर्धाच होता. उरलेला अर्धा कॅलिपरमध्ये. लोण्यासारखा सुटतो तो बोल्ट सुटलेला नसतो हे आता मला आवाजावरून कळतं, पण तेव्हा काय माहीत. नवीन कॅलिपर यायला नऊ आठवडे लागले आणि तेवढ्या वेळात नुसतं बसून काय राहायचं म्हणून मी डॅशबोर्ड उघडला.

डॅशबोर्ड उघडू नका असं मी म्हणणार होतो पण उपदेशाच्या सुराने लेखाची मजा जाते, तेव्हा उघडा. आत आधीच्या सगळ्या मालकांची वायरिंग असते, एकाने म्युझिक सिस्टीम बसवलेली, दुसऱ्याने ती काढून अलार्म बसवलेला, तिसऱ्याने अलार्म वाजायचा थांबेना म्हणून कापलेला, आणि एक लाल वायर कुठूनही येत नाही आणि कुठेही जात नाही, पण ती काढली की उजवा हेडलाइट वर येत नाही. पॉप-अप हेडलाइट आहेत, हो. त्यासाठीच तर घेतली. आता ती डोळा मारते.

मॅन्युअल मिळवा. प्रत्येक काम कसं उघडायचं ते त्यात फोटोसकट दिलेलं असतं आणि शेवटी एकच ओळ, बसवताना हेच उलट क्रमाने करा. मला ही ओळ फार आवडते, असा आत्मविश्वास आपल्यात कधी येणार.

पार्ट मिळेनासे झाले की पुढची पायरी म्हणजे पार्टसाठी दुसरी तसलीच गाडी घेणे. हा विचार पहिल्यांदा येईल तेव्हा तुम्हाला स्वतःचीच लाज वाटेल, महिन्याभराने तो हिशेबात बसायला लागेल, आणि तिसऱ्या महिन्यात ती ट्रकवरून उतरत असेल. उतरल्यावर लक्षात येतं की हिचा पत्रा पहिलीपेक्षा बरा आहे. मग खरी गाडी कुठली आणि पार्टची कुठली यावर आठवडाभर विचार, आणि शेवटी दोन्ही अर्ध्या अर्ध्या उघडलेल्या. दरम्यान इंजिन बाहेर स्टँडवर असताना लाकडी स्टिअरिंग व्हील मागवायला विसरू नका. मी मागवलं. अप्रतिम आहे. रात्री गाडीत बसून मी ते धरतो, गिअर टाकतो, तोंडाने आवाज काढतो, कोणी बघत नाही ना ते बघून घेतो.

चालवली का कधी? चालवली ना. घेतली त्या दिवशी घरी आणताना चाळीस मिनिटं. त्यातल्या शेवटच्या दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकत होता पण मी तिकडे बघतच नव्हतो, खिडकी खाली केली होती आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती जो काही आवाज करत होती तो ऐकत होतो.

मार्कर आणि झिपच्या पिशव्या भरपूर आणून ठेवा, हे एवढं मात्र सिरियसली सांगतोय. प्रत्येक बोल्ट काढला की पिशवीत, पिशवीवर नाव. गाडीबरोबर मला अशा पिशव्यांचं एक खोकं मिळालं होतं, आधीच्या माणसाचं अक्षर मोत्यासारखं, ‘डावा कॅलिपर, वरचा बोल्ट, वॉशर आतून’. खोक्यात जरा खाली गेलं की त्याच अक्षरात ‘रेडिएटरचे, बहुतेक’. आणखी खाली ‘पुढचे?’. सगळ्यात तळाशी अजून जुन्या पिशव्या आहेत, वेगळ्याच अक्षरातल्या, शाई पार उडून गेलीय. परवा डॅशबोर्डचे सात स्क्रू उरले तेव्हा मी पण नवीन पिशवी घेतली, मार्करचं टोपण काढलं, बराच वेळ तसाच बसलो आणि मग त्यावर नुसती तारीख टाकली.