शिक्का बसलेला तिरंगा

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी घरातल्या एका जुन्या पाकिटाचे छायाचित्र टाकले आणि दहा मिनिटांच्या आत मला तिरंग्याचा अपमान करणारा ठरवण्यात आले. पाकिटावर स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट आहे, त्या तिकिटावर फडकणारा तिरंगा आहे आणि तिरंग्यावर टपाल कार्यालयाचा काळा गोल शिक्का आहे. ‘तिरंग्याला काळे फासलेले दिसत असताना आपल्याला लाज कशी वाटत नाही? छायाचित्र ताबडतोब काढा,’ असे एका ज्येष्ठ गृहस्थांनी लिहिले आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी तिथे उत्तर दिले नाही, कारण तिथे दिलेले उत्तर दुपारपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडले जाते. म्हणून इथे लिहितो.

ते पाकीट माझ्या आजीचे. तिचे माहेर म्हापशाजवळचे आणि सासर नाशिकचे. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, विशीतच पोटासाठी आफ्रिकेत मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्केसला, आजच्या मापुतोला, एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. ती भूमीही पोर्तुगिजांची आणि त्याचे घरही पोर्तुगिजांच्याच गोव्यात, त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी बहीण स्वतंत्र झाली आणि भाऊ होता तिथेच राहिला. हे वाक्य माझे नाही, आजीचे आहे आणि ती ते प्रत्येक भाऊबीजेला म्हणत असे.

हे तिकीट साडेतीन आण्यांचे आहे. त्यावर देवनागरीत ‘जय हिंद’ आहे आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख आहे, पण प्रत्यक्षात ते बाजारात आले २१ नोव्हेंबरला. (सरकारी कामाला तेव्हाही सव्वातीन महिने लागत होते, हे वाचून अनेकांना बरे वाटेल.) त्या मालिकेत आणखी दोन तिकिटे होती, अशोकस्तंभाच्या सिंहांचे दीड आण्याचे आणि विमानाचे बारा आण्यांचे, आणि ती दोन्ही १५ डिसेंबरला आली. यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की सिंहांचे तिकीट देशातल्या पत्रांसाठी होते आणि तिरंग्याचे परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेला ध्वज चार महिन्यांच्या आत परक्यांच्या दारात पाठवायचा, असे कोणीतरी ठरवले. आपल्याला आपला झेंडा ठाऊक होताच. तो ओळखायला शिकायचे होते ते तिकडच्या टपालवाल्याने.

आणि तो शिकला. आजीने डिसेंबरात लिहिलेले पत्र बोटीने आफ्रिकेत पोहोचले आणि पोर्तुगीज सरकारच्या नोकराला ते पेढीवर नेऊन द्यावे लागले, कारण टपालाच्या जागतिक संघाचा नियमच तसा आहे. पाठवणाऱ्या देशाने तिकिटावर घेतलेले पैसे दुसरा देश मान्य करतो आणि पत्र मुकाट पोहोचवतो. मामाआजोबांनी ते पाकीट पेढीवर कोणालाही दाखवले नाही. त्यांनी ते ट्रंकेच्या तळाशी, कागदाच्या अस्तराखाली ठेवले आणि रात्री दार लावून पाहिले. गोव्यातल्या त्यांच्या घरावर तिरंगा लागायला डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. तोपर्यंत चौदा वर्षे त्यांच्याजवळचा झेंडा एवढाच होता, आणि त्यावर शिक्का होता.

आता त्या शिक्क्याबद्दल. तिकिटावर शिक्का मारतात तो ते पुन्हा वापरले जाऊ नये म्हणून, आणि ही काळजी अनाठायी नाही, कारण कोरे सुटलेले तिकीट कोमट पाण्यात सोडवून पुन्हा चिकटवणाऱ्यांत माझी आजी पहिली असती. पण ज्या भाषेत आपण ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो त्या भाषेच्या माणसाला शिक्का म्हणजे काळे फासणे वाटावे, याचा मला खरोखर संताप येतो. शिक्का बसल्याने कागदाला वजन येते, हे आपल्याला शिवकाळापासून ठाऊक आहे. त्या टपाल कार्यालयातल्या शिपायाने शिक्का मारला तेव्हा नव्या राज्याने साडेतीन आण्यांच्या बदल्यात एका बहिणीला शब्द दिला, की तुझे पत्र समुद्रापार जाईल. शिक्का नसलेले तिकीट अल्बममध्ये सुंदर दिसते, एवढेच.

ध्वजावर काहीही लिहिणे हा कायद्याने अवमान आहे आणि कायद्याला ध्वजाचे चित्रही ध्वजच वाटते, हे मला मान्य आहे. त्या गृहस्थांनी राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याचा हवाला दिला तो खोटा नव्हता. तिरंग्याची तिकिटे लावलेली पाकिटे फाडून लोक कचऱ्यात टाकतात, हेही मला आवडत नाही. पण १६ ऑगस्टला रस्त्याकडेला पडलेले प्लॅस्टिकचे झेंडे ओलांडून जाणाऱ्या आपल्या सोसायटीने मला हे शिकवू नये.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. तिकिटाची मागची बाजू जिभेने ओली करणे आजीला मान्य नव्हते. झेंडा उष्टा कसा करायचा, असे ती म्हणे. तिने वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून तिकीट ओले केले आणि एक कोपरा सुटत राहिला तो भाताच्या शिताने बसवला. त्या कोपऱ्यापाशी कागद आजही किंचित फुगलेला आहे. आणखी एक गंमत म्हणजे ते तिकीट नाशिकरोडच्या छापखान्यातच छापलेले होते. आजीच्या पंचवटीतल्या घरापासून काही मैलांवर जन्मलेला तो झेंडा आफ्रिकेला जाऊन आला. मोझांबिक १९७५ साली स्वतंत्र झाल्यावर मामाआजोबा कायमचे परतले, तेव्हा त्यांनी ते पाकीट बहिणीच्या हातात दिले. आजीने चष्मा पुसला, तिकीट पाहिले आणि म्हणाली, ‘माझे शीत अजून धरून आहे रे.’

आज भिंग घेऊन ते पुन्हा पाहिले. शिक्क्याची शाई तपकिरी पडली आहे, ‘नासिक’ची शेवटची अक्षरे चक्राच्या कडेला टेकली आहेत आणि केशरी रंग अजून तसाच आहे.

छायाचित्र मी काढणार नाही. त्या गृहस्थांना मूळ पाकीट पाहायचे असेल तर त्यांनी रविवारी चहाला यावे. फक्त हात कोरडे करून यावे.